एकाच बोटीत वेगळी चूल

क्रूझ कंपनीच्या बाईंनी माझं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, बुकिंगचा नंबर विचारला. तिन्ही उत्तरं बरोबर आली. मग त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "या बुकिंगबद्दल आम्हाला तुमच्याशी बोलता येणार नाही."

"अहो, पण प्रवासी मीच आहे."

"हो, दिसतंय मला. पण बुकिंग तुमच्या एजंटचं आहे. त्यांना फोन करायला सांगा."

माझ्या आजीचं लग्न असंच ठरलं होतं. ती माजघरात, बोलणी ओसरीवर. तिला काय वाटतं हे विचारायची पद्धत नव्हती. पण आजीने निदान त्यासाठी पाचशे डॉलर डिपॉझिट तरी भरलं नव्हतं.

प्रकरण सुरू झालं ते नोव्हेंबरात, मंडळाच्या दिवाळीला. न्यू जर्सीत आमची दिवाळी शाळेच्या सभागृहात होते. मध्यंतरात कॅफेटेरियात बटाटेवडे असतात आणि वड्यांच्या रांगेच्या अशा टोकाला, जिथून हातातल्या प्लेटसह निसटता येत नाही, तिथे क्रूझकाका उभे असतात. काका इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि ट्रॅव्हल एजंट म्हणून रुजू झाले. इथे असे पुष्कळ आहेत. एखाद्या मोठ्या एजन्सीच्या छत्रीखाली नाव नोंदवायचं, ऑनलाइन कोर्स करायचे आणि मिळेल ते कमिशन एजन्सीबरोबर वाटून घ्यायचं. काकांचं ऑफिस घराच्या तळघरात आहे. भिंतीवर अलास्काचा नकाशा, त्याखाली कोर्सचं सर्टिफिकेट, त्याखाली कपड्यांचा ड्रायर. काका फोनवर ग्लेशियरचं वर्णन करतात तेव्हा मागे कुणाच्या तरी खिशात राहिलेली नाणी खुळखुळत असतात.

ऑगस्टमध्ये अलास्का, काका म्हणाले. सिएटलहून सात रात्री. जुनो, स्कॅगवे, केचिकन, व्हिक्टोरिया.

"व्हिक्टोरिया कॅनडात ना? मग अलास्काच्या ट्रिपमध्ये कशाला?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं. ही चूक होती. काकांनी वडा बाजूला ठेवला. १८८६ सालचा कायदा आहे, ते म्हणाले. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन नुसती अमेरिकेचीच बंदरं करता येत नाहीत. मध्ये कुठेतरी परदेशी बंदराला लागावं लागतं. आणि या बोटींवर झेंडे बहामा, पनामा अशा देशांचे. म्हणून संध्याकाळी दोन-चार तास व्हिक्टोरियाला शिवून यायचं. तेवढ्यात वडा गार झाला, मागच्या रांगेने आरडाओरडा केला आणि आम्ही नाव दिलं. आठ खोल्या, सोळा माणसं. सगळ्यांना बाल्कनी. आमच्या दोघांचे ३,३०० डॉलर.

फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसताना शेजारच्या गुजराती भाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, कुठून बुक केलं? आणि फावड्यावर हात टेकवून सांगितलं, की ते घाऊक दुकान आहे ना, जिथून आपण सगळे तांदळाची पोती आणतो, त्यांचीही ट्रॅव्हल एजन्सी आहे. तिथून तीच बोट, तीच खोली घेतली, तर प्रवास संपल्यावर दुकानाचं कार्ड मिळतं. आमच्या रकमेवर साधारण २६० डॉलरचं.

नवरा घरात आला तो बूट न काढता.

यात जादू काही नाही. बोटीची कंपनी एजंटला भाड्यावर दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास कमिशन देते. प्रवाशाने थेट कंपनीकडे बुक केलं तरी भाडं बहुधा तेच राहतं, कमिशन मात्र कंपनीच्याच खिशात राहतं. मोठी एजन्सी आपल्या वाट्यातला तुकडा गिऱ्हाइकाला परत देते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विम्याचा पहिला हप्ता एजंटनेच भरला, अशी घरं मी डझनाने पाहिली आहेत. १९३८च्या विमा कायद्याच्या ४१व्या कलमाने त्याला बंदी आहे आणि ती बंदी अर्जावर छापलेलीही असते. सही करायची जागा बहुधा तिच्याच आसपास असते. बोटीच्या धंद्यात असलं कलम नाही. तेव्हा नवरा म्हणाला, "हे बेकायदेशीर नाही, हे हक्काचं आहे," आणि एक्सेल उघडलं.

आमच्या बोटीच्या कंपनीत बुकिंग हलवता येतं. एका पानाचा फॉर्म असतो. जुनी एजन्सी, नवी एजन्सी, बुकिंगचा नंबर, प्रवाशांच्या सह्या. शेवटचा हप्ता भरायच्या आत हे करावं लागतं, म्हणजे आमच्या बाबतीत निघण्याआधी ९० दिवस, मेच्या मध्यापर्यंत. पण आमची खोली काकांच्या ग्रुपमधली. ती हलवायची तर आधी काकांनी लेखी लिहून द्यायचं, की यांना आम्ही सोडलं.

या कागदाला इंग्रजीत बऱ्यापैकी निरुपद्रवी नाव आहे. मराठीत त्याला एकच शब्द आहे आणि तो आपण नवरा-बायकोच्या बाबतीत वापरतो.

हे काकांना सांगायचं कुणी? नवऱ्याने मेल लिहायला घेतली. पहिला मसुदा इंग्रजीत झाला. तो वाचून आम्ही काकांवर खटला भरतोय असं वाटत होतं. दुसरा मराठीत. "आपल्याविषयीचा आदर मनात कायम ठेवून" अशी सुरुवात. मी म्हटलं, हा पतसंस्थेच्या संचालकपदाचा राजीनामा आहे. तिसऱ्यात त्याने प्रकृतीचं कारण दिलं. प्रकृतीच्या कारणास्तव तीच बोट, तीच तारीख, तीच खोली आणि वेगळा एजंट. शेवटी, नेहमीप्रमाणे, फोन मी केला.

"अगं काढा ना," काका म्हणाले. "काही हरकत नाही. आज रात्रीच पत्र पाठवतो त्यांना."

ज्यांनी मराठी घरात आयुष्य काढलंय त्यांना "काही हरकत नाही"चे प्रकार ठाऊक असतात. एक असतं खरंच हरकत नसलेलं. त्याच्यापुढे "ये की" किंवा "घे की" येतं. दुसरं पूर्णविराम देऊन थांबतं. काकांचं दुसऱ्या प्रकारचं होतं. ड्रायरसुद्धा बंद होता.

दोन दिवसांनी पहिला फोन आला. "ऐकलं ते खरं का? तुम्ही वेगळे निघताय?"

"वेगळे कुठे? बोट तीच आहे."

"हो, पण वेगळेच ना."

वेगळं निघणं. मी इतकी वर्षं अमेरिकेत आहे, पण हा शब्द कानावर पडला की मला आमचं रत्नागिरीचं घर दिसतं. धाकट्या काकाने पडवीत स्टोव्ह मांडला तो दिवस दिसतो. एकाच छपराखाली दोन चुली. जेवणं तीच, माणसं तीच, विहीर तीच. फक्त आजी त्या बाजूला बघेनाशी झाली. आम्हीही एकाच बोटीवर जाऊन पडवीत स्टोव्ह मांडणार होतो. जेवणाचं टेबलसुद्धा वेगळं पडणार होतं, कारण ग्रुपची टेबलं एकत्र जोडलेली असतात आणि ग्रुप सोडला की ती जोडणी नव्याने करून घ्यावी लागते. म्हणजे पंगतही वेगळी.

तिसऱ्या फोनवर खरी गोष्ट कळली. आमच्या कंपनीच्या नियमाने ग्रुपमध्ये सोळा माणसं झाली की एकाचं भाडं माफ होतं. ते एजंटला मिळतं. तो स्वतःसाठी वापरेल नाहीतर वाटून टाकेल. कर वगैरे जाऊन आमच्या हिशेबात ते साधारण १,२०० डॉलर होते. काकांनी ते आठ खोल्यांत सारखे वाटायचं ठरवलं होतं, खोलीमागे दीडशे, बोटीवर खर्चायला. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते बोट सुटल्यावर जाहीर करायचं होतं. आम्ही निघालो की राहिले चौदा. चौदाला काही मिळत नाही.

म्हणजे दुकानाच्या एका कार्डापायी आम्ही सात घरांचे दीडशे डॉलर बुडवत होतो, आणि ही सात घरं दर पंधरा दिवसांनी आम्हाला कुठल्या ना कुठल्या डोहाळजेवणाला भेटत होती. कुणी काही बोललं नाही. रविवारी देवळात सगळ्यांनी माझी आस्थेने चौकशी केली, हे त्याहून वाईट.

नवरा खंबीर होता. "तत्त्वाचा प्रश्न आहे," म्हणाला. २६० डॉलरला आमच्या घरी तत्त्व म्हणतात. मग मी नव्या एजन्सीला फोन लावला. तो मुलगा फार व्यवस्थित बोलत होता. काकांचं पत्र अजून आलं नाही म्हणाला. आलं की लगेच काम करतो. फक्त एक लक्षात ठेवा, ग्रुपमधून खोली बाहेर काढली की ग्रुपचा भाव राहत नाही, आजचा भाव लागतो. आणि आजचा भाव दोघांचा मिळून ३४० डॉलरने जास्त आहे.

मी नवऱ्याला आकडे सांगितले. कार्डाचे २६० मिळवायला ३४० जास्त भरायचे आणि दीडशे सोडायचे. तो बराच वेळ एक्सेलकडे बघत बसला. त्याने एक ओळ वर घेतली, एक खाली नेली, एका रकान्याला पिवळा रंग दिला. उत्तर २३० डॉलरचा तोटा हेच येत राहिलं. मग तो म्हणाला, "भाव उतरेल."

त्या मुलाला मी आणखी एक प्रश्न विचारला होता. ऑगस्टमधला आमचा प्रवास श्रावणात येत होता आणि रविवारी निघून सोमवारचा अख्खा दिवस समुद्रात जाणार होता. श्रावणी सोमवार माझा कधी चुकलेला नाही. मुलाने जेवणाची यादी वाचून दाखवली: शाकाहारी, भारतीय शाकाहारी, ग्लूटेन नको, कोशर. "यातलं काय टाकू?" मी म्हटलं, उपवास. तो म्हणाला, म्हणजे काहीच खाणार नाही का? मी म्हटलं, छे, भरपूर खाणार. इथे आमचं संभाषण थांबलं.

काकांनी हे काम डिसेंबरातच करून ठेवलं होतं. ग्रुपमधल्या उपवासवाल्यांची यादी, कुणाला भगर चालते, कुणाला काकडी चालत नाही, एकादशी पडते का, सगळं. कंपनीच्या जेवणखाण्याच्या विभागाला त्यांनी लांबलचक मेल लिहिली होती, त्यात बटाट्याला परवानगी का आणि कांद्याला का नाही याचा खुलासा होता. कंपनीने तीन शंका विचारल्या होत्या. दुसरी होती, शेंगदाणा हे धान्य आहे का? एजंटला दहा-पंधरा टक्के कशाचे, असं कुणी विचारलं तर मी ही मेल दाखवीन.

आजी मुंबईहून रत्नागिरीला बोटीने जायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. एका हाताने पोर धरायचं, दुसऱ्याने बोचकं. तिकीट तिच्या पदराच्या गाठीत असायचं. पदर तिचा, म्हणून तिकीट तिचं. फॉर्म नव्हता, एजंट नव्हता, कार्डही नव्हतं. उपवासाचं मात्र तिचं तिलाच बघावं लागे, आणि बोट लागली की उपवास आपोआप व्हायचा.

फॉर्म आमच्या फ्रिजवर अष्टविनायकाच्या चुंबकाखाली होता. नवऱ्याची सही झाली होती. शेजारची रेघ रिकामी. दोन्ही प्रवाशांच्या सह्या लागतील, असं खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. चार दिवस मी दूध काढायला फ्रिज उघडत होते आणि ती रेघ माझ्याकडे बघत होती. आजीच्या वेळी ही रेघ नव्हती. पाचव्या दिवशी मी फॉर्म काढला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहिला आणि काकूंना फोन केला.

"काकू, काकांनी पाठवलेलं ते पत्र मागे घेता येईल का हो?"

"पाठवलंय कुठे?" काकू म्हणाल्या. "लिहून ठेवलंय नुसतं. मी विचारलं ना, अहो, पाठवायचं नाही का? तर म्हणाले, राहू दे, तो नवरा इंजिनिअर आहे, आज ना उद्या हिशेब करील. भगर कुठली चालते गं तुला, ती बारीक की जाड?"

मागे ड्रायर सुरू होता.

सिएटलहून निघालो. सोमवारी दुपारी टेबलाशी वेटर आला आणि त्याने माझ्यापुढे चांदीच्या झाकणाखालची बशी ठेवली. झाकण उचललं. उकडलेले बटाटे, भाजलेले शेंगदाणे, रताळ्याच्या चकत्या, अननस आणि वर कोथिंबिरीची एक काडी. "उपवास मील, मॅम," तो म्हणाला. बरीच तालीम केली असावी. कोथिंबीर मी बाजूला काढली आणि काकांकडे बघितलं नाही. केचिकनला पाऊस होता. तिथे वर्षाला दीडशे इंच पडतो म्हणून बाकीचे प्रवासी हळहळत होते. आम्ही कोकणातले चौघे तेवढ्यासाठी छत्रीही न उघडता हिंडलो. दीडशे डॉलर नवऱ्याने व्हिक्टोरियाच्या आत संपवले, त्यातले बहुतेक इंटरनेटवर, आणि ते इंटरनेट बोटीचे भाव बघण्यात.

यंदाच्या दिवाळीत काका पुन्हा वड्यांच्या रांगेच्या टोकाला होते. नॉर्वे, पुढच्या जूनमध्ये. त्यांच्या हातातल्या यादीत पंधरा नावं पेन्सिलीने लिहिली होती, कारण माणसं मत बदलतात. सोळावं माझं. ते पेनने होतं, नवऱ्याचं त्याखाली, पेन्सिलीने.