खेळतो एक, बघतात दहा

"काकू, कोथिंबीर हवी का? एक जुडी जास्त आलीय."

"दे गं. आणि जरा थांब. आमच्या ओंकारचं काय करू, सांग. रात्र रात्र मोबाइलला डोळे लावून बसतो. मला वाटलं, खेळतोय. तर खेळतही नाही! खेळतो दुसराच कुणी, हा नुसता बघतो. लोकांनी जेवायचं नि आपण ढेकर द्यायची!"

"लाइव्ह स्ट्रीम म्हणतात त्याला. माझा भाऊही त्यातलाच."

"असेल. पण बघायचं काय त्यात?"

"काका रोज पारावर पत्त्यांना जातात ना?"

"ह्यांचं नाव काढू नकोस. तीस वर्षं जातायत, पान कधी हातात धरलं नाही. मागं उभं राहायचं नि 'हुकूम टाक, हुकूम टाक' करायचं."

"ओंकार तरी दुसरं काय करतो? खेळाच्या बाजूला चॅट पळत असतं, तिथं सगळे 'हुकूम टाक' लिहितात. खेळणारा ते वाचतो, नाव घेऊन उत्तर देतो. कुणी शिवीगाळ केली तर हाकलायला मॉडरेटर असतो."

"म्हणजे आमचे पारावरचे तात्या."

"तेच! २०१४ मध्ये तर गंमतच झाली. ट्विच नावाच्या स्ट्रीमिंगच्या साइटवर कुणीतरी पोकेमॉनचा खेळ लावून दिला, पण खेळायला बसलंच नाही कुणी. लोकांनी चॅटमध्ये 'वर', 'खाली', 'डावीकडे' लिहायचं, तसा आतला पोरगा चालायचा. दहा लाखांवर माणसं घुसली त्यात."

"एका पोराला दहा लाख मामा-मावश्या! जागचा हलला तरी का?"

"तासन्‌तास अडकून पडायचा. तरी १६ दिवसांत खेळ संपवला त्यांनी."

"आमच्या सोसायटीत पंप कुठला घ्यायचा, ते सोळा महिने ठरत नाहीये."

"आणि हे ऐका. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेत काही पोरं जुने गेम भराभर संपवून दाखवायला जमली. मदतनिधीसाठी. ठरलं होतं हॉटेलात, पण तिथलं इंटरनेट धड चालेना. मग एकाच्या आईच्या तळघरात बसली. बघणाऱ्यांनी दहा हजार डॉलरवर पैसे दिले, 'केअर' संस्थेसाठी."

"आणि त्या आईनं किती वेळा चहा टाकला, ते कुणी मोजलं नसेल."

"आता 'गेम्स डन क्विक' म्हणून मोठं नाव झालंय त्याचं. २०२० च्या जानेवारीत आठवडाभरात तीस लाख डॉलरच्या वर जमले, कॅन्सर टाळण्याच्या कामासाठी."

"अगं बाई! पण आपल्या पोरांचे पैसे उडत नाहीत ना?"

"उडतात की. सुपरचॅटला पैसे टाकले की नाव ठळक दिसतं, पोरं भुलतात. तेवढं लक्ष ठेवा. पण एक सांगू? मागं ओंकार चार दिवस तापानं झोपला होता ना, बरा होऊन परत चॅटवर गेला तर सगळ्यांनी विचारलं, 'कुठं होतास?' माझ्या भावाला कौतुकानं सांगत होता."

"...ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पत्त्यांचा डाव आमच्या ओसरीवर आला होता. आठ दिवस. डोळ्याला पट्टी, दिसत काही नाही, तरी 'हुकूम टाक' चालूच."

"मग?"

"मग काय, बघू दे बापड्याला. पण पारावर साडेनऊ वाजले की तात्या डाव उठवतात. घरातले तात्या कोण, ते आज सांगते त्याला."