दार उघडलं की पोचलो

लंडन ते पॅरिस किती लांब? सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरही नाही. विमानाला किती वेळ? वेळापत्रक म्हणतं, सव्वा तास. हवेत मात्र ते जेमतेम पाऊण तास असतं. उरलेला अर्धा तास जमिनीवर रांगण्याचा. परतीला हीथ्रोवर उतरायचं तर आभाळातही घिरट्या आहेतच. कंपन्या हे सगळं आधीच हिशेबात धरतात, वर दोन-चार मिनिटं भरीला घालतात. मग विमान 'वेळेआधी' पोचतं आणि आतला आवाज आपलं नव्हे, स्वतःचं अभिनंदन करतो.

घड्याळाचा हिशेब तर आणखी न्यारा. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. नऊला निघालात की सव्वाअकराला पॅरिस. येताना बाराला निघालात की सव्वाबाराला लंडन. वेळच वाचवायचा असेल तर माणसाने फक्त परतीचं तिकीट काढावं.

अंतराचंही तसंच. पॅरिस-बोवे नावाचा विमानतळ पॅरिसपासून ८५ किलोमीटरवर आहे; तिथून शहरात यायला बसला सव्वा तास. फ्रँकफर्ट-हान तर फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटर. लोणावळ्याला उतरवून 'मुंबई आली' म्हणण्यातला प्रकार. तिकीट स्वस्त का, हे कळायला बसमध्ये भरपूर वेळ मिळतो.

वेगाचंही पाहा. २५ ऑगस्ट १९१९ ला लंडनच्या हौन्स्लो हीथवरून पॅरिसच्या ल बूर्जेला रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या फेरीत प्रवासी एक. सोबत वर्तमानपत्रं, साय आणि शिकारीचे पक्षी. वेळ लागला सुमारे अडीच तास. आज विमान निम्म्या वेळात जातं, आणि प्रवाशाला सांगतात, दोन तास आधी या. करा बेरीज. शंभर वर्षांच्या प्रगतीत पाऊण तासाचा तोटा, आणि साय नाही ती नाहीच. इंग्लिश खाडीखालून जाणारी युरोस्टार रेल्वे सव्वादोन तासांत पोचवते. तीही तासभर आधी बोलावते, हे खरं. पण निदान शहरातून उचलते आणि शहरातच सोडते.

आता मूळ प्रश्न. विमान 'पोचलं' कधी म्हणायचं? हसू नका, युरोपीय संघाच्या न्यायालयाला यावर निकाल द्यावा लागला आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून जर्मनीतल्या कोलोन-बॉनला निघालेल्या एका विमानाची चाकं २ तास ५८ मिनिटं उशिराने जमिनीला टेकली. जागेवर उभं राहीपर्यंत उशीर झाला ३ तास ३ मिनिटं. दार त्यानंतर उघडलं. एवढ्या अंतरावर तीन तासांच्या उशिराला भरपाई २५० युरो. कंपनी म्हणाली, चाकं टेकली म्हणजे पोचलोच की! दोन मिनिटांवर अडीचशे युरो वाचत असतील तर कोणाचीही चाकं लवकर टेकतात.

४ सप्टेंबर २०१४ ला न्यायालयाने सांगितलं: निदान एक दार उघडलं आणि प्रवाशांना बाहेर पडायची मुभा मिळाली, की विमान पोचलं. तोवर माणूस बंदिस्तच, त्याला मनासारखं काही करता येत नाही. सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून मनासारखं काय करता येतं, यावर न्यायालय काही बोललेलं नाही. तिथे प्रवाशाने आपल्या हिमतीवर पोचायचं.