सुगम्यतेचा कळस

जुन्या स्थानकात उतार बांधा, दारे रुंद करा, लिफ्ट बसवा, ही जगाची खर्चिक पद्धत. इंदूरने सोपी वाट काढली: स्थानकच उपटून टाका, म्हणजे तक्रारीला जागा नाही!

२०१३ साली निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाला. भंवरकुआं चौकाचे बसस्थानक त्यावरच. फलाट आणि बसची फरशी एका पातळीत. चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही ‘जरा हात द्या हो’ न म्हणता आत जाऊ शकेल, अशी रचना. मोटारवाल्यांच्या डोळ्यांत मात्र ती मोकळी मार्गिका खुपे. (बस अडकत नव्हती म्हणून ती मोकळी दिसे, पण हे कोंडीत हॉर्न वाजवणाऱ्याला कोण सांगणार?) फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेही बीआरटीएस हटवायला सांगितले.

बदल्यात ३१ मे २०२५ ला मेट्रो धावली. लिफ्ट, सरकते जिने, सगळे झकास. फक्त सहाएक किलोमीटर, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुपर कॉरिडॉरवर. भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांनी आणि गुडघे धरून चालणाऱ्या आजींनी तिथवर पोचायचे कसे, असले खोचक प्रश्न विचारू नयेत. चौकात उड्डाणपूल दिलाय ना! स्वतःची गाडी असेल, तर आजींनाही वरून जाता येते.