नवशिक्यांसाठी धातू-इंधनाचे ट्रान्झियंट मॉडेल : काम फक्त काही सेकंदांचे

अणुभट्टीची शक्ती एकाएकी वाढली तर युरेनियम-झिर्कोनियमच्या इंधनकांडीचे काय होईल, हे तुम्हाला संगणकावर पाहायचे आहे ना? मग नवी कोरी कांडी घ्या आणि थेट शून्य सेकंदापासून सुरू करा. उत्तर झटपट येईल. चुकीचे येईल, तो भाग वेगळा.

घाई नसलेल्यांनी आधी कांडीची कुंडली मांडावी. नव्या कांडीत धातू आवरणाला टेकलेला नसतो. आतली जेमतेम ७५ टक्के जागा तो व्यापतो आणि मधल्या फटीत सोडियम असते. जागा मुद्दामच सोडलेली. एक-दोन टक्के अणूंचे विखंडन होईतो धातू फुगून आवरणाला भिडतो, त्याला अनारशासारखी जाळी पडते, छिद्राला छिद्र जोडले जाते आणि कोंडलेला वायू वरच्या पोकळीत निसटतो. झिर्कोनियमलाही स्वस्थ बसवत नाही. ते सरकले, की त्या त्या थराचा वितळणबिंदू बदलला. तुम्ही मिश्रण सगळीकडे एकसारखे धरले असेल, तर ती इनपुट फाइल जपून ठेवा. पुढच्या नवशिक्याला दाखवायला होईल.

आता ७२५ हा आकडा भिंतीवर लिहा. युरेनियम एकटे ११३२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, लोखंड तर १५३८ पर्यंत. पण दोघांची गाठ पडली की ७२५ लाच पाझर फुटतो. आणि आवरण असते पोलादाचे! ते आतून पातळ होत जाते, तेव्हा जाडी कायम धरणारे मॉडेल मजेत असते.

पडताळणीसाठी ३ एप्रिल १९८६ चा ईबीआर-२ या अणुभट्टीवरचा प्रयोग निवडा. पूर्ण शक्तीवर पंप बंद केले, नियंत्रणदांडे टाकले नाहीत, तरी भट्टी आपोआप निवली. इंधनाला काहीच झाले नाही, त्यामुळे फुटण्याचे कुठलेही मॉडेल या परीक्षेत पास.

ट्रीट भट्टीतल्या प्रयोगांच्या एम-मालिकेच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथे कांड्या खरोखर फोडल्या, त्याला शक्ती नेहमीच्या सुमारे चौपट लागली. त्याआधीच वितळते इंधन आवरणाच्या आत वर सरकले. किती, ते मिश्रणावर आणि कांडी किती जळली होती त्यावर. जावेच लागले, तर एकच कांडी घ्या आणि वक्र जुळेपर्यंत गुणांक मागेपुढे करा. दुसऱ्या कांडीचे कोणी विचारले, तर सांगा : रन चालू आहे.