भाचेबुवा, टी. वाय. केमिस्ट्री

बी.एस्सी. केमिस्ट्रीचा मुलगा घरी येतो तेव्हा आधी त्याचा वास येतो, मग तो. सॉल्ट ॲनालिसिसचं प्रॅक्टिकल असलं की आमच्या भाचेबुवांची चाहूल खालच्या जिन्यातच लागते. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडकी अंडी. बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसतो आणि हे खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश. ताईने नियमच केलाय, ॲप्रन दाराबाहेर. तो ॲप्रन मुळात पांढरा होता हे आता फक्त बिलावरून सिद्ध करता येतं. त्यावर पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी ठिपके आहेत, बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. 'मतदान करून आलास का रे?' असं कुणी विचारलं की झालं! मतदानाच्या शाईतही सिल्व्हर नायट्रेटच असतं, उजेड लागला की ते काळं कसं पडतं, हे सगळं ऐकल्याशिवाय विचारणाऱ्याची सुटका नाही.

बारावीनंतर हा मेडिकलला जाणार होता. तिथलं हुकलं आणि बी.एस्सी. लागलं. पहिल्या वर्षी चार विषय होते, तिसऱ्या वर्षी केमिस्ट्री तेवढी उरली. नातेवाइकांची मात्र ठाम समजूत अशी की पोरगं पुढे औषधाचं दुकान टाकणार. लग्नाकार्यात कुणीतरी आजोबा खिशातून गोळ्यांची पट्टी काढून विचारतातच, 'ही जेवणाआधी की नंतर?' हा शांतपणे पट्टी उलटी करतो, घटकाचं नाव वाचतो, हवेत बोटाने त्याची रचना काढून दाखवतो आणि सांगतो, 'ते डॉक्टरांना विचारा, आजोबा.'

षट्कोन काढायची तर त्याला खोडच आहे. बसचं तिकीट, लग्नपत्रिकेची मागची बाजू, दुधाचं कार्ड, सगळीकडे बेंझिन. रविवारी जेवून ताणून दिली आणि कुणी हटकलं, तर केकुलेची गोष्ट तयार असते. केकुलेने बेंझिनची वर्तुळाकार रचना 1865 साली मांडली. पुढे 1890 मध्ये बर्लिनला त्याचा सत्कार झाला तेव्हा त्याने सांगितलं, की शेगडीसमोर डुलकी लागली होती आणि स्वतःचं शेपूट तोंडात धरलेला साप दिसला. 'कळलं का मामा, डुलकीशिवाय शोध लागत नाही.' यावर ताई स्वयंपाकघरातून ओरडते, 'तो गेंटला प्रोफेसर होता! त्याला पगार होता! ऊठ!'

त्याची भाषा ऐकावी. आमटीत मीठ 'एक्सेस' होतं, चहात साखर 'सॅच्युरेट' होते, बाबांच्या खिशात पैसे असलेच तर 'ट्रेसमध्ये'. आणि कुठल्याही 'का'ला उत्तर एकच, 'कारण ते जास्त स्टेबल आहे.' व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काहीही विचारलं तरी हेच सांगायचं, दहांपैकी सात वेळा ते बरोबर निघतं, असा वर्गाचा परंपरागत अनुभव. धाकट्या काकांनी वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हाही हा एवढंच म्हणाला, 'आता दोन्ही घरं जास्त स्टेबल आहेत.' खरं सांगायचं तर तेही बरोबर निघालं.

माझी खरी तक्रार आहे ती लॅबमधल्या मामांबद्दल. मी याचा सख्खा मामा. मला तो 'अरे मामा, तू गप्प बस' म्हणतो. लॅबमधल्या सेवकांना मात्र 'मामा, तुम्ही म्हणाल तसं.' त्या मामांची पोच मोठी आहे, हे कबूल करायला हवं. निळं दिसलं की कॉपर, गुलाबी दिसलं की कोबाल्ट, हिरवं दिसलं की निकेल, हे ते परीक्षानळी हातात न घेता दारातूनच सांगतात. परीक्षेच्या दिवशी मिश्रण ओळखता ओळखता पोरं रडकुंडीला आली, की मामा फडकं घेऊन टेबल पुसायला येतात आणि पुसता पुसता आपल्याशीच पुटपुटतात, 'थर्ड ग्रुप बघितला का नीट?' भाचेबुवांनी तीन वर्षांत काचेची किती भांडी फोडली हे फक्त त्या मामांना आणि त्यांच्या ब्रेकेजच्या वहीला ठाऊक. दिवाळीला फराळाचा पहिला डबा कुठे जातो, हे सांगायला नकोच.

एकदा त्याला टायट्रेशन करताना बघितलं. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाला पालकांना बोलावलं होतं, ताईला वेळ नव्हता म्हणून मी गेलो. घरात पाण्याचा नळ नीट बंद न करणारा हा मुलगा. डाव्या हाताने ब्युरेटचा कॉक धरलाय, उजव्या हातात फ्लास्क फिरतोय, खाली पांढरी टाइल. थेंब पडतो, गुलाबी उमटतं, विरतं. पुन्हा थेंब, पुन्हा विरतं. याचा श्वास बंद. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर शेजारच्या मुलीने मलाच डोळ्यांनी दटावलं. शेवटी एका थेंबाला अगदी फिकट गुलाबी रंग आला आणि राहिला. 'नऊ पॉइंट आठ,' तो म्हणाला. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा नऊ पॉइंट आठ. तिसऱ्यांदा त्याने ब्युरेट भरलीच नाही. वहीत सरळ तिसरं 9.8 लिहिलं, त्यापुढे सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, 9.8 लिहिलं आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला.

या विद्येचा घराला उपयोग झाला तो एका लग्नात. हळदीच्या कार्यक्रमात मावशींच्या मोतिया साडीला हळद लागली. त्यांनी न्हाणीघरात जाऊन साबण चोळला, तर डाग लालभडक! मावशींनी कार्यालय डोक्यावर घेतलं. भाचेबुवा आचाऱ्याकडून अर्धं लिंबू घेऊन धावत आले, डागावर पिळलं, आणि लाल पुन्हा पिवळं झालं. बायकांनी 'अगंबाई' केलं. मग या गृहस्थांनी तिथेच व्याख्यान सुरू केलं, की हळदीतला कर्क्युमिन अल्कलीत लाल होतो, आम्लात पिवळा. चुन्यासारखा अल्कली घालून हळदीचंच कुंकू करतात, म्हणजे तुम्ही सगळ्या कपाळाला इंडिकेटर लावून आला आहात. मावशींनी एवढंच विचारलं, 'पण डाग कधी जाईल?' हा म्हणाला, 'जाणार नाही, मावशी. मूळ रंगावर आला ना!' मावशी अजून त्याच्याशी बोलत नाहीत. आपला प्रयोग यशस्वी झाला, असं तो अजून सांगतो.

आता त्याला एम.एस्सी.ला ऑरगॅनिकच हवंय. औषध कंपन्या आधी ऑरगॅनिकवाल्यांना उचलतात, असं सगळा वर्ग म्हणतो. इनऑरगॅनिक मिळालं तर घरात सुतक. मग तारापूर नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये, रात्रपाळी. ताई आतापासूनच डब्याची काळजी करतेय. मला काळजी नाही. पगाराच्या पावतीवरचे आकडे एवढ्या बारकाईने वाचणारा दुसरा माणूस कंपनीला मिळायचा नाही.

तोवर आमच्याकडे जरूर या. फक्त फ्रिजमध्ये लाल रंगाची बाटली दिसली तर कोकम सरबत समजून तोंडाला लावू नका. ते जास्वंदीच्या पाकळ्यांचं इंडिकेटर आहे, आणि लेबल लावायला भाचेबुवांना वेळ झालेला नाही.