खर्चाच्या बाजूला सल्लागार

काकामेगा, पश्चिम केनिया

ती. आईंस,

"तिथे नक्की करताय काय दोघं?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, तेव्हा ह्यांनी "ग्रामीण युवा उद्योजकांना मार्गदर्शन" असं काहीतरी पुटपुटून फोन माझ्या हातात दिला. म्हणून हे सविस्तर पत्र. विषुववृत्त इथून गाडीने तासाभरावर. पण गाव दीड हजार मीटर उंचीवर, तेव्हा तुम्ही विणलेले स्वेटर उपयोगी पडताहेत. दुपार कलली की पाऊस ठरलेला.

तुमच्या चिरंजिवांचा उभा जन्म बँकेत कर्जाचे अर्ज नाकारण्यात गेला. आता एका संस्थेतर्फे बिनपगारी ते पोरांना अर्ज कसा मंजूर होतो ते शिकवतात. पोरं मात्र बँकेच्या वाटेलाच जात नाहीत. 2007 पासून इथे एम-पेसा आहे, भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. 2022 साली सरकारने हसलर फंड काढला, तोही फोनवरच. कर्ज 500 शिलिंगांपासून, फेड 14 दिवसांत. एवढ्यात कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं येत नाही, आणि 14 दिवसांत पिल्लाला धड पंखही फुटत नाहीत. खरी नड भागवते ती बायकांची चामा, म्हणजे आपली भिशीच. ह्यांनी त्या बायकांपुढे एका पोरीच्या धंद्याचा जाडजूड आराखडा ठेवला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. "पोरगी कुणाची?" एवढंच विचारलं आणि पैसे दिले.

ही पोरगी गावठी कोंबड्या पाळते, पण तिचं डोकं बघा. मानमोडीच्या लशीच्या एका बाटलीत शंभर कोंबड्या होतात, आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. दारात दहाच कोंबड्या असतील त्या माणसाने काय करायचं? तर ही थर्मासमध्ये बर्फ घालून, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, भल्या पहाटे दारोदार फिरते. एका हाताने कोंबडी काखेत दाबायची, दुसऱ्याने डोळ्यात एक थेंब, की पुढची. कोंबडीमागे पैसे घेते. वर शेजाऱ्यांचा रोग तिच्या खुराड्यापर्यंत येत नाही. ह्यातलं अक्षरही ह्यांच्या आराखड्यात नव्हतं.

आता जरा अवघड भाग. इथल्या लुह्या लोकांत पाहुणा आला की कोंबडी कापायचीच. नुसत्या चहावर बोळवण केली तर घराची नाचक्की. आपले हे माळकऱ्यांच्या घरातले. "मी खात नाही" म्हणाले, तर पोरीच्या आजीने काळजीने ह्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. शेवटी कोल्हापूरच्या माहेराला स्मरून मीच पुढे झाले. कोंबडीचा पेठा इथे पुरुषाच्या मानाचा. तो ह्यांच्या ताटातून माझ्या ताटात आला. आई, हे सगळं तुमच्या घराण्याची अब्रू राखण्यासाठी. रश्शात तिखट मात्र नावाला नव्हतं.

महिनाअखेरीला ह्यांनी पोरीची वही तपासायला घेतली. अंडी, लस, खाद्य, फोनचा बॅलन्स. आणि खाद्याच्या खालोखाल मोठा आकडा: ‘सल्लागार – कोंबड्या’. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा हलेना.

"बारीकसारीक खर्चसुद्धा मांडायचा, असं तुम्हीच सांगितलंत," पोरगी म्हणाली.

त्यात एकटे हेच नव्हते. पाहणीला आलेले साहेब होते, त्या साहेबांचे फोटो काढायला आलेली मंडळी होती, आणि मागच्या पाहणीत काय आढळलं ते बघायला आलेले आणखी एक गृहस्थ होते. उद्योगाला हातभार लावणारे जितके वाढले, तितकं भांडवल ताटात गेलं. मानमोडीने मेल्या नसतील तेवढ्या मार्गदर्शनाने गेल्या!

तेव्हापासून हे पोरीच्या घरी जात नाहीत, बाजारात झाडाखाली भेटतात. त्याचा आजीला राग आला. तिने पाय बांधलेली जिवंत कोंबडी मोटारसायकलवाल्याबरोबर आमच्याकडे पाठवून दिली. ह्यांच्या देखत ती कापायची सोय नाही, म्हणून परसात हिंडते. हे सकाळी उठून अंडं दिलं का बघतात आणि वहीत जमेच्या बाजूला लिहितात. खायचं कोणी, ते विचारू नका.

पुढच्या महिन्यात संस्थेचे आणखी पाहुणे यायचेत म्हणे. ह्यांनी त्यांना कळवलंय, येताना आपापली कोंबडी घेऊन या. अजून उत्तर नाही.

बाबांना नमस्कार. माळ्यावरची लोणच्याची बरणी कुणाला देऊ नका.

तुमची,
सूनबाई