लांबून जवळ

ज्यांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत अशा आईवडिलांना "किती लांब आहे हो?" असं विचारून बघा. किलोमीटर कुणी सांगत नाही. "दिल्लीहून बसलं की पंधरा-सोळा तास," म्हणतात, आणि लगेच, "जेवण दोनदा देतात." अंतर तासांत सांगायची खोड आपल्याला एसटीने लावली. विमानाने ती मोडली नाही, उलट जास्तच पक्की केली. आणि खरं सांगायचं तर वर आकाशात तोच हिशेब बरोबर आहे.

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचंच घ्या. पृथ्वीच्या गोलावर या दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला तर तो आर्क्टिकच्या बर्फाला शिवून जातो आणि भरतो सुमारे 12,400 किलोमीटर. एअर इंडियाचं विमान मात्र अटलांटिक ओलांडून, 13,900 किलोमीटरचा रस्ता कापत जायचं. 2016च्या ऑक्टोबरात त्यांनी ते उलट्या अंगाने, प्रशांत महासागरावरून नेलं. रस्ता झाला 15,300 किलोमीटर. मुंबई ते दिल्ली रेल्वेने जावं एवढी वाट वाढली, आणि विमान आधीपेक्षा लवकर, साडेचौदा तासांत उतरलं!

करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वारा सुसाट वाहत असतो. हिवाळ्यात त्याला फारच चेव येतो, ताशी दोनशे किलोमीटर म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही. त्याच्या तोंडावर गेलात तर इंधन जाळत बसा, पाठीवर घेतलात तर तो ढकलत नेतो. पूर्वेकडे निघालेलं विमान त्याला पाठीवर घेतं, म्हणून लांबच्या वाटेनेही लवकर पोचतं. जवळचा नातेवाईक तोंड फिरवून बसला की लांबचा उपयोगी पडतो, हे आपल्याला लग्नकार्यात कळलेलं असतंच.

गंमत पुढेच आहे. परतीलाही तोच वारा पाठीशी हवा, म्हणून पुन्हा पूर्वेकडेच तोंड करून अटलांटिकवरून आलात, तर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. गणपतीने आईवडिलांभोवती फेरी मारून पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य घेतलं. इथे आईवडील नातवाला बघायला अख्ख्या पृथ्वीला फेरी घालतात, तेही मांडीवर लोणच्याची बरणी सांभाळत. (बरणी चेक-इन बॅगेत टाका असं सगळे सांगतात. फुटली तर काय, याचं उत्तर कुणाकडे नसतं.)

आणि घड्याळ? ते तर पार शरण येतं. उन्हाळी वेळेत दोन्ही गावांत साडेबारा तासांचा फरक. म्हणजे दिल्लीहून पहाटे चारला निघालेलं विमान साडेचौदा तास उडून तिथे त्याच तारखेला सकाळी सहाच्या सुमारास हजर. कागदावर दोन तास! डेक्कन क्वीनलाही मुंबईहून पुण्याला पोचायला याहून जास्त वेळ लागतो. वाटेत वाररेषा ओलांडताना रविवारचा मध्येच शनिवार होतो आणि उजाडता उजाडता परत रविवार.

माझ्या मावशीला हे सगळं समजावून सांगितलं. वाऱ्याचं तिला चटकन पटलं. वाररेषेपाशी ती थांबली.

"त्या दिवशी संकष्टी आली तर उपास एक धरायचा की दोन?"

"एकच असेल, मावशी."

"आणि चंद्रोदय कुठला?"

मी कालनिर्णय उघडलं. त्यात मुंबई, पुणे, नागपूर अशा गावोगावच्या वेळा होत्या. प्रशांत महासागराची नव्हती.

"मग खिडकीचीच सीट घे," मावशी म्हणाली.